रबराचं फायनाइट एलिमेंट अ‍ॅनालिसिस: कामाचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने भरपूर आहेत. तिथे रबराचा भाग सिम्युलेशनला, म्हणजे भाराखाली तो कसा वागेल हे संगणकावर काढायला, आला की बहुतेक वेळा काम एकाच पद्धतीने चालतं. कॅड मॉडेल उघडायचं, मेश करायचा (भागाचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडायचे) आणि मटेरियलच्या रकान्यात कुठून तरी मिळालेले दोन आकडे भरायचे. रन पूर्ण होतो. पुढे प्रत्यक्ष बुश (धातूच्या नळ्यांमधला रबरी भाग) मशीनवर लावला की त्याचा स्टिफनेस, म्हणजे कडकपणा, दीडपट निघतो किंवा निम्मा. मग मेश आणखी बारीक केला जातो आणि उत्तर तरीही हलत नाही, कारण गफलत मटेरियलच्या आकड्यांत असते. म्हणून या लेखाचा मोठा भाग मेशच्या आधीच्या कामाला दिला आहे. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. पाचवी पायरी तिसरीच्या आधी केली की सगळं पुन्हा करावं लागतं.

पायरी १. आधी वेळ, स्ट्रेन आणि तापमान कागदावर लिहा

रबराचं उत्तर तुम्ही त्याला किती वेगाने आणि किती ताणून विचारता यावर बदलतं. त्यामुळे सॉफ्टवेअर उघडण्याआधी तीन गोष्टी लिहून काढा: भार किती वेळात येतो आणि किती वेळ टिकतो, रबरात जास्तीत जास्त स्ट्रेन (मूळ लांबीच्या प्रमाणात होणारा बदल) किती येईल, आणि भाग कोणत्या तापमानाला काम करेल.

दोन उदाहरणं घ्या. एक सिलिंडरचं चार-स्ट्रोक इंजिन ३६०० आरपीएमवर फिरतंय. दर दोन फेऱ्यांमागे एक स्फोट, म्हणजे इंजिन माउंटला (इंजिन टेकवणाऱ्या रबरी आधाराला) सेकंदाला ३० धक्के. ३० हर्ट्झला महत्त्वाचा ठरणारा रिलॅक्सेशनचा (ताणून धरलेलं रबर ढिलं पडण्याचा) काळ साधारण ०.००५ सेकंद आहे. दुसरं उदाहरण पैठणच्या जायकवाडी धरणाचं. तिथे २७ दरवाजे आहेत. अशा दरवाजाचं रबरी सील एकदा दाबलं गेलं की महिनोन्‌महिने दाबलेलंच राहतं, आणि प्रश्न असतो तो इतक्या काळानंतर त्यात दाब किती उरला याचा. कंपाउंड अगदी सारखं असलं तरी या दोन कामांना लागणाऱ्या चाचण्या वेगळ्या आहेत.

तपासणी: तुमच्या वेळेच्या पट्ट्याचं खालचं आणि वरचं टोक सेकंदांत लिहिलंय का? नसेल तर पुढे जाऊ नका.

पायरी २. चाचण्या नेमक्या शब्दांत मागा

चिकलठाण्याच्या सिपेट या प्लास्टिक-तंत्रज्ञान संस्थेच्या केंद्रात पाठवा किंवा दुसऱ्या कुठल्या लॅबमध्ये, नमुन्यांसोबतच्या पत्रात नुसतं ‘टेन्साइल टेस्ट करून द्या’ असं लिहू नका. त्यातून तुटतानाची स्ट्रेंथ आणि इलाँगेशन मिळेल. ते क्वालिटीच्या कागदासाठी ठीक आहे, मॉडेलला त्याचा उपयोग नाही. आयएस ३४०० या भारतीय मानकांच्या मालिकेतल्या नेहमीच्या चाचण्यांचंही तसंच: त्या बॅच पास झाली की नापास हे सांगतात, तुम्हाला पूर्ण कर्व्ह हवा असतो.

हे मागा:

– एका दिशेने ओढण्याची चाचणी, पूर्ण स्ट्रेस-स्ट्रेन आकड्यांसह (स्ट्रेस म्हणजे क्षेत्रफळामागे येणारं बल). स्ट्रेन एक्स्टेन्सोमीटरने मोजलेला हवा. मशीनच्या जबड्याच्या सरकण्यावरून काढलेला नको, कारण डंबेल नमुना जबड्यात घसरतो आणि रबर खऱ्यापेक्षा मऊ दिसतं.
– प्लेनर टेन्शन, म्हणजे रुंद पट्टी ओढून मिळणारा शिअर (थर एकमेकांवर सरकवणारा ताण). बुश आणि माउंट यांचं बरंचसं काम शिअरमध्येच चालतं.
– भाग दाबला जाणार असेल तर दोन्ही दिशांनी सारखं ओढण्याची इक्विबायॅक्सिअल चाचणी. गोल बटण दोन प्लेटांमध्ये दाबलं की घर्षणामुळे ते मध्ये फुगतं आणि आकडा दूषित होतो. जवळपास आकारमान न बदलणाऱ्या रबरात दोन दिशांचा ताण आणि एका दिशेचा दाब ही एकच अवस्था असते, म्हणून हा मार्ग.
– स्ट्रेस रिलॅक्सेशन, किंवा डीएमए (नमुना वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींना हलवून कडकपणा मोजणारी चाचणी), किंवा दोन्ही. कोणतं, ते पायरी १ मधल्या वेळेच्या पट्ट्यावरून ठरतं.

डीएमए टाळण्याकडे बहुतेकांचा कल असतो, कारण ती महाग पडते. पण दहाव्या सेकंदापासून सुरू होणारी रिलॅक्सेशन चाचणी ३० हर्ट्झबद्दल काहीच सांगत नाही. ज्या वेळेचा डेटा नाही, त्या वेळेचं उत्तर सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं आणि ते अंदाजाचं आहे हे तुम्हाला सांगत नाही.

सूचना: सगळे नमुने एकाच बॅचचे, एकाच क्युरिंगचे असावेत. २ मिमीची शीट आणि ३० मिमी जाडीचा भाग एकाच वेळात सारखे शिजत नाहीत. दोन्हींची शोअर हार्डनेस मोजून ताळा घ्या.

सूचना: कार्बन ब्लॅक घातलेलं रबर पहिल्यांदा ताणल्यावर जास्त कडक लागतं, नंतरच्या फेऱ्यांत मऊ होतं. याला मलिन्स परिणाम म्हणतात. भाग रोज वापरात हलणार असेल तर नमुना आधी अपेक्षित कमाल स्ट्रेनपर्यंत तीन ते पाच फेऱ्या फिरवून घ्यायला सांगा आणि त्यानंतरचा कर्व्ह वापरा. सील एकदाच बसवून तसंच राहणार असेल तर पहिला कर्व्ह बरोबर. या दोघांची अदलाबदल फार होते.

पायरी ३. आकडे स्वच्छ करा

फेऱ्या दिलेल्या नमुन्याचा कर्व्ह शून्यातून निघत नाही, कारण थोडी कायमची वाढ राहून जाते. नवी लांबी मूळ धरून स्ट्रेन पुन्हा काढा आणि कर्व्ह शून्यावर आणा. तुमचं सॉफ्टवेअर नॉमिनल स्ट्रेस (मूळ क्षेत्रफळावरून काढलेला) मागतं की ट्रू (ताणल्यानंतरच्या क्षेत्रफळावरून), हे मॅन्युअलमध्ये बघा. अबॅकस या सॉफ्टवेअरच्या हायपरइलॅस्टिक (रबरासारखी मोठ्या ताणातली लवचिकता) टेस्ट डेटात नॉमिनल स्ट्रेस आणि नॉमिनल स्ट्रेन लागतात. ५० टक्के स्ट्रेनला दोन्ही स्ट्रेसमध्ये दीडपट फरक पडतो, म्हणजे ही एकच चूक बाकीची सगळी मेहनत बुडवायला पुरे.

कमाल स्ट्रेन ४० टक्के असेल तर ३०० टक्क्यांपर्यंतचा डेटा फिटिंगमध्ये देऊ नका. फिट वरचं टोक गाठायला धावतो आणि खालचा, तुमच्या कामाचा भाग बिघडतो.

रिलॅक्सेशनच्या डेटासाठी एक नियम पाळा: नमुना ताणायला जितका वेळ लागला त्याच्या दहापट वेळेआधीचे आकडे सोडून द्या. एका सेकंदात ताणला असेल तर दहाव्या सेकंदापासूनचं धरा. आधीच्या आकड्यांत ताणतानाच ढिलं पडलेलं रबर मिसळलेलं असतं.

युनिट्स: मिमी, न्यूटन, सेकंद, टन, मेगापास्कल. या पद्धतीत रबराची घनता १.१ गुणिले दहाचा उणे नववा घात येते. डायनॅमिक स्टेप असेल तर हा आकडा चुकवू नका.

पायरी ४. हायपरइलॅस्टिक मॉडेल निवडा

इथे जास्त वेळ घालवायचं कारण नाही. स्ट्रेन ३०-४० टक्क्यांच्या आत असेल तर निओ-हूकियन हे साधं मॉडेल पुरतं. त्यापुढे आणि हातात फक्त एका दिशेची चाचणी असेल तर योह बरं. ऑग्डेन तिन्ही चाचण्या हातात असतील तरच घ्या. एकाच चाचणीवर बसवलेलं ऑग्डेन ओढताना हुबेहूब जुळतं आणि दाबताना काहीही सांगतं.

चाचणीच नसेल आणि सुरुवातीचा अंदाज हवा असेल तर शोअर ए हार्डनेसवरून जेंटचं सूत्र वापरता येतं. ६० शोअरला यंग्ज मॉड्युलस सुमारे ३.६ मेगापास्कल येतो, शिअर मॉड्युलस त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा म्हणजे १.२, आणि निओ-हूकियनचा पहिला स्थिरांक त्याच्या निम्मा, ०.६. बल्क मॉड्युलस (आकारमान बदलायला होणारा विरोध) २००० मेगापास्कलच्या आसपास धरा. अबॅकसमध्ये दुसरा स्थिरांक २ भागिले बल्क मॉड्युलस, म्हणजे ०.००१.

सूचना: अबॅकस एक्स्प्लिसिटमध्ये बल्क मॉड्युलस दिला नाही तर तो शिअर मॉड्युलसच्या २० पट धरला जातो. खऱ्या रबरात हे गुणोत्तर हजाराच्या पुढे असतं. चारी बाजूंनी कोंडलेल्या सीलमध्ये यामुळे उत्तर पार मऊ येतं.

तपासणी: स्थिरतेचा अहवाल बघा. ओढणं, दाबणं, शिअर या तिन्हींत तुमच्या स्ट्रेनच्या पट्ट्यात मॉडेल स्थिर असलं पाहिजे. नसेल तर रन मध्येच अडकेल आणि तुम्ही दोष काँटॅक्टला द्याल.

पायरी ५. प्रोनी मालिका बसवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो.

प्रोनी मालिका म्हणजे रबर वेळेनुसार कसं ढिलं पडतं ते सांगणाऱ्या पदांची बेरीज. तिच्यात प्रत्येक पदाला दोन आकडे असतात: किती हिस्सा ढिला पडणार आणि किती काळात. डेटा जितक्या दशकांत (इथे दशक म्हणजे दहापट वेळ, दहा वर्षं नव्हे) पसरलाय साधारण तितकी पदं घ्या. १० ते १०,००० सेकंदांचा डेटा म्हणजे तीन दशकं, तीन पदं, काळ १०, १०० आणि १००० सेकंद. दहा पदं घातली की फिट गुळगुळीत दिसतो, पण काही हिस्से ऋण येतात, आणि ऋण हिस्सा म्हणजे आपोआप कडक होत जाणारं रबर. तसं कुठलंच रबर नसतं. सगळ्या हिश्शांची बेरीज एकापेक्षा कमी हवी.

आता मुख्य सापळा. हायपरइलॅस्टिकचे स्थिरांक तात्काळ कडकपणाचे आहेत की दीर्घकाळानंतरचे? अबॅकस हे विचारतं, आणि काही न सांगितल्यास दीर्घकाळाचे धरतं. तुमची ओढण्याची चाचणी हळू झाली असेल तर तिचे आकडे दीर्घकाळाच्या जवळ असतात, वेगाने झाली असेल तर तात्काळच्या. लॅबकडून चाचणीचा वेग लिहून घ्या, त्याशिवाय हा रकाना भरता येत नाही. हिश्शांची बेरीज ०.३५ असेल आणि रकाना उलटा भरला गेला तर स्टिफनेस १.५४ पटीने चुकतो. सुरुवातीला सांगितलेला तो ‘दीडपट’ फरक बरेचदा इथूनच येतो.

दुसरा सापळा ॲम्प्लिट्यूडचा. कार्बन ब्लॅकच्या कंपाउंडमध्ये डायनॅमिक मॉड्युलस स्ट्रेनच्या ॲम्प्लिट्यूडवर अवलंबून असतो: ०.१ टक्क्याला कडक, १० टक्क्यांना बराच मऊ. याला पेन परिणाम म्हणतात, आणि साधी प्रोनी मालिका तो दाखवूच शकत नाही. उपाय एकच: माउंट प्रत्यक्षात जितका हलतो त्या ॲम्प्लिट्यूडचा डीएमए डेटा घ्या. लॅबने सवयीने ०.१ टक्क्यावर चाचणी केली असेल तर तो डेटा दोन टक्के हलणाऱ्या माउंटला लावू नका.

पायरी ६. तापमान

लॅबमध्ये २३ अंश असतात. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे नुसत्या हवेचा पारा ४२-४३ ला जातो, इंजिनाजवळचा भाग त्याहून कितीतरी तापतो, आणि थंडीत परभणीत पहाटे तोच पारा दहाच्या खाली उतरतो. हा पट्टा सोडून चालणार नाही.

यासाठी डब्ल्यूएलएफ समीकरण वापरतात. तापमान बदललं की रिलॅक्सेशनचा वेग किती बदलतो ते त्यातून निघतं. त्याचे १७.४४ आणि ५१.६ हे ‘सार्वत्रिक’ स्थिरांक पुस्तकांतून उचलले जातात आणि संदर्भ तापमानाच्या जागी २३ अंश लिहिलं जातं. हे चूक आहे. हे स्थिरांक ग्लास ट्रान्झिशन तापमान (ज्याच्या खाली रबर काचेसारखं कडक होतं) संदर्भ धरल्यावरचे आहेत. फरक किती पडतो ते बघा. नैसर्गिक रबराचं ग्लास ट्रान्झिशन उणे ६५ अंश धरलं आणि २३ वरून ६० अंशांवर गेलो, तर रिलॅक्सेशन सुमारे २२ पट वेगवान होतं. तेच स्थिरांक २३ अंश संदर्भ धरून वापरले तर उत्तर येतं १.९ कोटी पट. शक्य असेल तर स्थिरांक तुमच्याच कंपाउंडच्या डीएमए डेटावरून काढा. सार्वत्रिक आकडे शेवटचा पर्याय समजा.

सूचना: मॉडेलला सुरुवातीचं तापमान द्यायला विसरू नका. अबॅकसमध्ये ते न दिल्यास शून्य धरलं जातं आणि एररही येत नाही.

सूचना: धरणाच्या सीलसाठी गरम चाचणी करून वर्षांचा अंदाज काढताना हे लक्षात ठेवा की हवेतल्या ऑक्सिजनने होणारं रबराचं जुनं होणं या समीकरणात नाही. तो रासायनिक बदल आहे. त्याचा हिशेब वेगळा करावा लागतो.

पायरी ७. एका एलिमेंटची परीक्षा

पूर्ण भागाकडे जाण्याआधी १ मिमीचा एकच घन एलिमेंट घ्या. दहा मिनिटांचं हे काम वगळलं की पुढे आठवडे जातात.

सरावासाठी आकडे देतो. ते कुठल्या खऱ्या कंपाउंडचे नाहीत. तात्काळ शिअर मॉड्युलस १.२ मेगापास्कल, निओ-हूकियन, प्रोनीचे हिस्से ०.०८, ०.०६ आणि ०.०५, काळ अनुक्रमे १०, १०० आणि १००० सेकंद. एलिमेंटच्या बाजू मोकळ्या ठेवून तो ०.००१ सेकंदात ५० टक्के ओढा आणि धरून ठेवा. नॉमिनल स्ट्रेस असा यायला हवा:

– ताणल्या क्षणी १.२७ मेगापास्कल
– १०० सेकंदांनी १.११
– १०,००० सेकंदांनी १.०३

सुरुवातीलाच १.५६ आला तर सॉफ्टवेअरने तुमचे स्थिरांक दीर्घकाळाचे समजले आहेत. पायरी ५ कडे परत जा. शेवटपर्यंत १.२७ च राहिला तर स्टेप चुकीची आहे, त्याबद्दल पायरी ९ मध्ये. हे तीन आकडे जुळले की तुमचे स्वतःचे आकडे घाला आणि लॅबच्या कर्व्हशी ताडून बघा.

पायरी ८. मेश आणि एलिमेंट

रबराचं आकारमान जवळपास बदलत नाही, म्हणून साधे एलिमेंट कुलूप लागल्यासारखे जाम होतात आणि भाग कितीतरी कडक दिसतो. हायब्रिड एलिमेंट (आतला दाब वेगळा मोजणारे) वापरा: अबॅकसमध्ये आठ नोडचा सी३डी८एच, गोल भागासाठी सीएएक्स४एच. टेट्राच (चार पृष्ठांचे एलिमेंट) करायचे असतील तर दहा नोडचे हायब्रिड. चार नोडचे टेट्रा रबराला लावू नका.

रिड्यूस्ड इंटिग्रेशन (एलिमेंटमध्ये कमी बिंदूंवर हिशेब) घेतलं तर आवरग्लासिंगवर (एलिमेंट विरोधाशिवाय खोटे वाकडे होण्यावर) लक्ष ठेवा. कृत्रिम ऊर्जा एकूण अंतर्गत ऊर्जेच्या पाच टक्क्यांच्या आत हवी.

भाग खूप दाबला जाणार असेल तर दाबाच्या दिशेने सुरुवातीला एलिमेंट उंच ठेवा. दाबल्यावर ते चौकोनी होतात. सुरुवातीला देखणा चौकोनी मेश केला तर दाबल्यावर तो चपटा होऊन रन बंद पडतो.

धातूचे इन्सर्ट रिजिड धरा. पोलाद रबरापेक्षा पन्नास हजार पटीहून जास्त कडक आहे, त्याचा मेश करून हाती काही लागत नाही.

सूचना: रबर जिथे धातूला चिकटतं आणि कडा मोकळी सुटते, त्या कोपऱ्यात मेश जितका बारीक तितका स्ट्रेन वाढतच जातो. तिथला कमाल आकडा रिपोर्टमध्ये लिहू नका. खरी त्रिज्या मॉडेलमध्ये घ्या, नाहीतर कोपऱ्यापासून ठरावीक अंतरावरच्या आकड्याची तुलना करा.

पायरी ९. स्टेप आणि वेळ

स्टॅटिक स्टेपमध्ये अबॅकस व्हिस्कोइलॅस्टिक (वेळेनुसार ढिलं पडणारी) वागणूक विचारातच घेत नाही. तिथे वेळ १ लिहा किंवा १०,०००, रबर ढिलं पडणार नाही. त्यासाठी व्हिस्को स्टेप किंवा डायनॅमिक स्टेप लागते. आणि तिथे वेळ खऱ्या सेकंदांत असतो. ‘वेळ १’ ही स्टॅटिकमधली सवय इथे घेऊन येऊ नका.

क्रम असा ठेवा: प्रथम असेंब्ली, म्हणजे बुश दाबून बसवणं. मग बसवल्यानंतरचा विसावा. मग कामाचा भार. असेंब्लीचा टप्पा गाळला तर आधीपासून दाबलेल्या रबराचा कडकपणा मोजलाच जात नाही. मोल्डमधून १५०-१६० अंशांवरून थंड होताना धातूला चिकटलेलं रबर आकसतं, आणि तोही ताण मोठ्या बुशमध्ये दखल घेण्याजोगा असतो.

पहिला वेळेचा टप्पा सर्वांत छोट्या प्रोनी काळाच्या दहाव्या हिश्शाएवढा ठेवा, पुढे सॉफ्टवेअरला वाढवू द्या. व्हिस्को स्टेप स्ट्रेनची चूक किती चालेल ते विचारते. चालणारी स्ट्रेसची चूक भागिले मॉड्युलस, हे तिचं गणित. ०.०१ मेगापास्कल आणि ३.६ मेगापास्कल धरले तर सुमारे ०.००३.

भार बलाने देण्यापेक्षा सरकवून द्या, निदान काँटॅक्ट जुळेपर्यंत. रन खूप सुरळीत होतो.

माउंटचा ३० हर्ट्झचा स्टिफनेस हवा असेल तर वेळेत शेकडो फेऱ्या फिरवत बसू नका. आधी स्टॅटिक भार द्या, मग त्या अवस्थेभोवती डायरेक्ट स्टेडी-स्टेट डायनॅमिक्स (ठरावीक फ्रिक्वेन्सीचं स्थिर उत्तर थेट काढणारी स्टेप) चालवा.

पायरी १०. हाताने आणि मशीनवर ताळा

साधा पॅड घ्या: व्यास ४० मिमी, उंची २० मिमी, दोन्ही बाजू धातूला चिकटवलेल्या. शेप फॅक्टर म्हणजे भार येणारं क्षेत्र भागिले फुगायला मोकळं क्षेत्र, इथे ०.५. दाबातला मॉड्युलस ३.६ गुणिले (१ अधिक २ गुणिले ०.५ चा वर्ग), म्हणजे ५.४ मेगापास्कल. त्यावरून स्टिफनेस सुमारे ३४० न्यूटन प्रति मिमी. तुमचं मॉडेल पहिल्या मिलीमीटरला ३०० ते ३८० च्या बाहेर जात असेल तर पुढे काही करण्याआधी कारण शोधा.

मग खऱ्या भागाची चाचणी, दोन वेगवेगळ्या वेगांनी. एका वेगाला जुळणं पुरेसं नाही, कारण एक आकडा जुळवायला स्थिरांक थोडा ओढला तरी भागतं. दोन्ही वेगांना स्टिफनेस आणि हिस्टेरिसिसच्या वळशाचं (भार देताना आणि काढताना येणाऱ्या दोन कर्व्हमधलं) क्षेत्रफळ जुळलं तरच प्रोनी मालिका खरी. ज्या चाचणीवरून स्थिरांक काढले तीच चाचणी पुन्हा पडताळणी म्हणून दाखवू नका.

रिपोर्टच्या पहिल्या पानावर कंपाउंडचं नाव, बॅच, शोअर, आधी दिलेल्या फेऱ्या, चाचणीचा वेग, डीएमएचं ॲम्प्लिट्यूड, संदर्भ तापमान आणि स्थिरांक तात्काळचे की दीर्घकाळाचे, एवढं लिहा. पुढच्या वर्षी कंपाउंड बदललं की यातला कोणता आकडा पुन्हा मोजायचा, ते तुमच्या जागी आलेल्या माणसाला त्या पानावरूनच कळेल.